शिपायाचे भय आणि शिपायाचा धीर

श्रोतेहो, 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अंधारात पाऊल टाकायला पोर कचरले, की आजी हीच म्हण ऐकवते. राक्षस कुठे नसतो, तो भिणाऱ्याच्या मनात असतो, असा तिचा अर्थ. गावातल्या अंधाराला तो लागू पडतो. पण जिथे राक्षस खरोखरीच समोर उभा आहे, तिथे काय? तोफेचा गोळा शेजारच्या माणसाला उडवून नेतो आणि पुढचा आपल्यावर येईल की नाही ते कुणालाच सांगता येत नाही, अशा जागी माणसाने भ्यावे की भिऊ नये?

आपल्या पोवाड्यांतला, आपल्या पाठ्यपुस्तकांतला शूर वीर कधी भीत नाही. 'भय त्याला ठाऊकच नव्हते' असे आपण सहज लिहून जातो, आणि मास्तर मुलांकडून ते पाठही करून घेतात. पण रणांगण पाहून आलेल्या माणसाला विचारा. तो हसेल आणि गप्प बसेल. त्या गप्प बसण्यात काय असते, हे आज थोडे समजून घेऊ. त्यासाठी आपण पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्सच्या आघाडीवर जाणार आहोत, कारण तिथे लढलेल्या हिंदी शिपायांच्या मनाचा थोडाफार लेखी पुरावा आज उपलब्ध आहे.

१९१४ च्या ऑगस्ट महिन्यात युरोपात युद्धाचा भडका उडाला. आपला देश तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. युद्धात पडायचे की नाही, हे आपल्याला कुणी विचारले नाही. २६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी फौजेच्या पहिल्या पलटणी फ्रान्समधल्या मार्सेल्स बंदरात उतरल्या. चारच वर्षांपूर्वी सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली, तेच हे बंदर. पंजाबी, गढवाली, गुरखे, पठाण, डोग्रे अशी नाना प्रांतांची माणसे त्यांत होती. आपल्या पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या सॅपर्सच्या, म्हणजे खंदक खणणाऱ्या, पूल बांधणाऱ्या नि सुरुंग लावणाऱ्या पलटणीच्या कंपन्याही होत्या, आणि त्यांत मराठे होते.

या माणसांच्या अंगावर उन्हाळी कापडाची खाकी होती. पुढे होता युरोपचा हिवाळा. नव्या बनावटीच्या बंदुका पुष्कळांना बंदरावर उतरल्यावरच मिळाल्या. महिनाभरात ही फौज बेल्जियममधल्या ईप्र या गावाजवळ आणि त्याच्या दक्षिणेला फ्रान्सच्या हद्दीत खंदकांत उभी राहिली.

आता हे युद्ध कसले होते, ते ध्यानात घ्या. सरहद्दीवरच्या लढाया यांच्यातल्या कित्येकांनी पाहिल्या होत्या. तिथे शत्रू दिसे. तो डोंगराआडून गोळी झाडी, आपणही झाडावी, धावून जावे, हातघाई करावी. फ्रान्समध्ये शत्रू दिसतच नव्हता. चार-पाच मैलांवरून तोफा डागल्या जात होत्या. चिखलाने भरलेल्या चरात, गुडघाभर थंड पाण्यात उभे राहायचे आणि गोळे मोजायचे. मारणारा दिसत नाही आणि उलट मारता येत नाही. श्रोतेहो, भीतीचे मूळ इथे आहे. हात मोकळे असले की भीती अर्धी होते. हात बांधले गेले की ती दुप्पट होते.

डिसेंबरमध्ये तर याहून भयंकर प्रकार घडला. २० डिसेंबर १९१४ च्या सकाळी, झिव्हाँशी गावाजवळ, जर्मनांनी जमिनीखालून भुयारे खणून हिंदी फौजेच्या खंदकांखाली दहा सुरुंग उडवले. पायाखालची जमीन सरकणे हा आपल्याकडे बोलण्याचा एक प्रकार आहे. तिथे ती खरोखरीच सरकली, आणि वर उभी असलेली माणसे तिच्यात गाडली गेली.

मग ही माणसे भ्याली का? होय, भ्याली. हे आपण त्यांना दोष म्हणून सांगत नाही. ते त्यांच्याच पत्रांवरून कळते.

या पत्रांची हकीकत मोठी विलक्षण आहे. बहुतेक शिपाई निरक्षर. पलटणीतला एखादा लिहिणारा गाठून त्याच्याकडून पत्र लिहून घ्यायचे. ते पत्र गावी जाण्याआधी सरकारी तपासनिसाकडे जाई. फ्रान्समध्ये यासाठी मुद्दाम एक कचेरी उघडली होती. तिथे निवडक पत्रांचे इंग्रजीत भाषांतर होई आणि फौजेचे मन कसे आहे, याचा अहवाल वरिष्ठांकडे जाई. ती भाषांतरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही जपून ठेवलेली आहेत. गावी पोचल्यावर पत्र वाचून दाखवणारा पुन्हा तिसराच कुणीतरी. म्हणजे शिपायाच्या मनातली गोष्ट त्याच्या बायकोच्या कानी पडेपर्यंत तीन परक्या माणसांच्या हातून जाई. एवढ्यातून तो काय बोलणार? तरी तो बोलला. कुणी लिहिले, हे युद्ध नव्हे, जगाचा अंत आहे. कुणी महाभारताची आठवण काढली. कुणी धाकट्या भावाला आडून सुचवले, तू भरती होऊ नकोस. तपासनिसाला कळू नये म्हणून काही जण मिरीच्या भाषेत लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरी म्हणजे गोरा. काळी मिरी संपत आली, असे लिहिले की घरच्यांनी काय ते ओळखावे.

पण इथेच खरी नवलाची गोष्ट आहे. जो शिपाई असे पत्र लिहून घेई, तोच दुसऱ्या दिवशी पहाटे बंदूक घेऊन आपल्या जागी उभा असे. त्याला तिथे कशाने उभे ठेवले? भीती नव्हती म्हणून नव्हे. भीतीबरोबरच काही आधार होते, त्यांनी उभे ठेवले. ते आधार आपण एकेक पाहू.

पहिला आधार, हाताला काम. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी ईप्रजवळच्या हॉलेबेक येथे १२९ व्या बलुची पलटणीच्या मशीनगनी जर्मनांच्या वाटेत उभ्या होत्या. त्यांतल्या एकीवर झेलम जिल्ह्यातला खुदादाद खान हा शिपाई होता. त्याच्याबरोबरचे पाचही जण मारले गेले. तो स्वतः जखमी झाला. तरी त्याने गन चालू ठेवली. शेवटी शत्रू त्याला मेला असे समजून पुढे गेला, आणि रात्री तो सरपटत आपल्या पलटणीत परत आला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला हिंदी शिपाई. त्याच्या मनात त्या घटकेला काय होते, हे कुणाला कळणार? पण त्याच्या हातात काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. हातात गन होती आणि ती चालवण्याचे शिक्षण बोटांत मुरलेले होते. कवायतीचा आपल्याला कंटाळा येतो. तेच ते, तेच ते, असे वाटते. पण कवायत असते ती याचसाठी. डोके सुन्न झाले तरी हाताने आपले काम विसरू नये.

खडकीच्या सॅपर्सचेही तसेच. हातबाँब पुरेसे मिळेनात, तेव्हा मुरंब्याचे रिकामे डबे घेऊन त्यांत दारू आणि लोखंडाचे तुकडे भरायचे, वात लावायची आणि बाँब तयार करायचा, हा उद्योग सॅपर्सनी आघाडीवर सुरू केला. गोळे पडत असताना डबा भरत बसलेल्या माणसाचे लक्ष डब्याकडे असते. तेवढा वेळ भीतीला वाट पाहावी लागते.

दुसरा आधार, शेजारचा माणूस. हिंदी पलटणीत एका कंपनीत बहुधा एकाच मुलखाची, एकाच जातीची माणसे असत. कुणी चुलतभाऊ, कुणी एकाच पाणवठ्यावरचा. आपण मागे सरलो तर ती गोष्ट गावी पोचल्याशिवाय राहणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक. शिपायांच्या पत्रांत 'इज्जत' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो यामुळेच. पण नुसती लाज माणसाला फार काळ उभी करीत नाही. लाजेबरोबर माया होती. शेजारचा पडला तर त्याला उचलून आणायचे, आपण पडलो तर तो आणील, हा विश्वास होता. २३ नोव्हेंबर १९१४ च्या रात्री फेस्त्युबेरजवळ गेलेले खंदक परत घ्यायला गढवाली पलटण निघाली. खंदकाचे प्रत्येक वळण म्हणजे पलीकडे काय आहे ते न दिसणारा कोपरा. त्या प्रत्येक वळणावर सर्वांत आधी वळणारा माणूस होता नायक दरवानसिंग नेगी. डोक्याला दोन जखमा, दंडाला एक, तरी तोच पुढे. पहिला पुढे गेला की मागच्याला जाणे सोपे होते. धीर हा असा एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या मनात उतरतो.

आणि म्हणूनच शेजारचा माणूस गेला की धीरही जातो. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह-शापेल हे गाव परत घेण्यासाठी ४७ वी शीख पलटण आणि खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या पुढे गेल्या. बांधकाम करणाऱ्या या माणसांना त्या दिवशी संगिनी लावून पायदळासारखे लढावे लागले. घराघरातून झुंज झाली, गाव हाती आले; पण मदतीला मागून कुणी आले नाही आणि परत फिरावे लागले. सॅपर्सचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी त्या दिवशी पडले. पुढे पलटणीपलटणींतून हेच झाले. शिपायाची भाषा जाणणारा, त्याचे नावगाव माहीत असणारा अधिकारी गेला आणि बदली आला तो अनोळखी. जुने जोडीदार गेले आणि जागा भरायला दुसऱ्याच पलटणीतली माणसे आली. मोट तीच, पण सोंदूर तुटलेला. पाणी वर येणार कसे?

तिसरा आधार, घर आणि धर्म. मरणाच्या भीतीइतकीच एक भीती शिपायाला छळत असे. मेल्यावर आपले काय होईल? परक्या चिखलात कुजून जाऊ, की कुणी अग्नी देईल, माती देईल? जखमी शिपायांसाठी इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे इस्पितळे उघडली होती. तिथे निरनिराळ्या धर्मजातींसाठी वेगवेगळी स्वयंपाकघरे ठेवली होती. तिथे मरण पावलेल्या ५३ हिंदू-शिखांना गावाबाहेरच्या टेकडीवर रीतीप्रमाणे अग्नी दिला गेला. त्या जागी १९२१ साली संगमरवरी छत्री उभारली. मुसलमानांचे दफन वोकिंगच्या मशिदीजवळ झाले. यात इंग्रज सरकारचा स्वार्थ होता, हे खरेच. इथली माणसे बिघडली तर भरती आटेल, हे ते जाणून होते. पण शिपायापुरते बोलायचे, तर आपल्यामागे आपले विधी होतील, एवढे कळल्याने त्याच्या मनावरचा एक दगड उतरत असे. आघाडीवर पडलेल्या हजारोंना मात्र ना अग्नी मिळाला ना थडगे. अशांची साडेचार हजारांहून अधिक नावे नव्ह-शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर कोरलेली आहेत.

चौथा आधार अगदी साधा आहे. विश्रांती! डिसेंबरच्या त्या सुरुंगांनंतर हिंदी फौज आघाडीवरून मागे घेतली गेली. माणसांना कोरडे कपडे, पोटभर जेवण आणि झोप मिळाली. हीच फौज १० मार्च १९१५ ला नव्ह-शापेलवर चालून गेली आणि पहिल्याच दिवशी ते गाव घेतले गेले. त्या लढाईत गबरसिंग नेगी हा तरुण गढवाली पडला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डिसेंबरमध्ये जी फौज खचली असे वरिष्ठ म्हणत होते, ती मार्चमध्ये कुठून शूर झाली? माणसे पुष्कळशी तीच होती. मधे झोप होती.

इथे एका डॉक्टरांचे मत सांगण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर खंदकांत राहिलेले इंग्रज डॉक्टर लॉर्ड मोरान यांनी १९४५ साली धैर्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की धैर्य ही माणसाची पुंजी आहे. ती कुणाजवळ जास्त असते, कुणाजवळ कमी. पण अमर्याद कुणाजवळच नसते. आघाडीवरचा प्रत्येक दिवस त्यातून खर्च करतो. भर पडली नाही, तर अगदी श्रीमंताचेही दिवाळे निघते. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. कणगीत दाणे कितीही असोत, नुसते काढीत गेले की तळ दिसतोच.

पण ही गोष्ट त्या काळी फार थोड्यांना कळली. १९१४ च्या अखेरीस इस्पितळात येणाऱ्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळांच्या हाताला जखमा आढळू लागल्या. लगेच बोलबाला झाला, की ही माणसे भिऊन स्वतःच हातावर गोळी झाडून घेतात. सर ब्रूस सेटन हे ब्रायटनच्या इस्पितळाचे प्रमुख. त्यांनी एक हजार जखमींची काटेकोर तपासणी केली आणि निर्वाळा दिला, की सरसकट असा आरोप करायला पुरावा नाही. खंदकात उभ्या माणसाचे डोके आणि हातच तर वर दिसतात. तसे प्रकार मुळीच झाले नाहीत, असे नाही. पण काहींवरून सगळ्यांना भ्याड ठरवणे हा अन्याय होता.

याहून अवघड गोष्ट मीर दस्त आणि मीर मस्त या दोन सख्ख्या भावांची. दोघेही अफ्रिदी पठाण, दोघेही जमादार. मार्च १९१५ च्या आरंभी मीर मस्त काही अफ्रिदी शिपायांना घेऊन जर्मनांकडे निघून गेला. पुढच्याच महिन्यात, २६ एप्रिलला, ईप्रजवळ जर्मनांनी विषारी वायू सोडला. तोंडाला ओली फडकी बांधण्यापलीकडे कुणाजवळ काही साधन नव्हते. त्या गोंधळात मीर दस्तने विखुरलेली माणसे गोळा केली, अधिकारी उरला नसताना त्यांना सांभाळले आणि आठ जखमी अधिकाऱ्यांना गोळीबारातून बाहेर काढायला मदत केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूचा त्रास मात्र त्याचा सुटला नाही. एकाच आईची दोन लेकरे. एक शूर आणि एक भ्याड, असा निकाल देणे सोपे आहे. पण मीर मस्त भीतीने गेला, की खलिफाच्या तुर्कस्तानाविरुद्ध इंग्रज लढत आहेत म्हणून गेला, की परक्याच्या युद्धात मरायचे कशाला म्हणून गेला? गोऱ्या सरकारच्या दफ्तरात त्याची नोंद 'पळून गेला' एवढीच. आपण तरी तेवढ्यावर थांबू नये.

आणि हे फक्त आपल्याच माणसांच्या वाट्याला आले असे नाही. गोऱ्या शिपायांचेही हात कापू लागले, वाचा गेली, झोप उडाली. १९१५ साली डॉक्टरांनी याला 'शेल-शॉक', म्हणजे गोळ्यांचा हादरा, असे नाव दिले. तरीही पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांखाली ब्रिटिश फौजेने त्या युद्धात आपल्याच तीनशेहून अधिक माणसांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली. माफी ऐकायला त्यांतला कुणीच नव्हता.

१९१५ च्या अखेरीला फ्रान्समधले हिंदी पायदळ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हलवले गेले. तिथे आपल्या मराठा पलटणी आधीच लढत होत्या. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींची माणसे कूत-अल्-अमारा या गावी वेढ्यात सापडली. जवळजवळ पाच महिने वेढा पडला. तिथली भीती तोफेची कमी आणि उपासाची अधिक होती. शिधा उतरत गेला, स्कर्व्हीने हिरड्या सडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी गाव शत्रूच्या हाती गेले, आणि त्यानंतर वाळवंटातून कैदेच्या वाटेवर शेकडो माणसे मेली. धावून जाण्याचा धीर निराळा आणि दररोज मूठभर पिठावर वाट पाहण्याचा धीर निराळा. दुसऱ्याला पदक नसते.

श्रोतेहो, हे सारे आपण कशासाठी आठवायचे? साताऱ्याकडे, कोकणात, आपल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. या गावातून महायुद्धावर इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी मेली, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात पडले. पाटीवर आकडा असतो, नावेसुद्धा नसतात.

गुरुजींना एक विनंती आहे. आपल्या गावी अशी पाटी असेल तर मुलांना एकदा तिच्यासमोर उभे करा. त्यांना सांगा, ही माणसे निर्भय नव्हती. ती आपल्यासारखीच होती, त्यांना घर आठवत होते, रात्री झोप येत नव्हती. तरी ती शेजाऱ्याला सोडून गेली नाहीत. 'शूर भीत नाही' असे शिकवले, तर ज्या मुलाला भीती वाटते ते स्वतःला भ्याड समजून गप्प बसेल. 'भीती वाटली तरी हातातले काम सोडू नको, आणि शेजारी भ्याला तर त्याला धीर दे' असे शिकवले, तर ते त्याला पुरात, वणव्यात, दुष्काळात, कुठेही उपयोगी पडेल.

आणि गावकऱ्यांना एवढेच सांगायचे. तुमच्या गावचा कुणी फौजेतून परत आला, तर त्याला किती मारलेस म्हणून विचारू नका. तो गप्प बसला तर त्याला गर्विष्ठ म्हणू नका, रात्री दचकून उठला तर हसू नका. त्याची पुंजी खर्च झालेली असते. ती भरायला वेळ लागतो, आणि घासभर निवांत अन्न, चार ओळखीची माणसे लागतात. तेवढे तर आपल्या हातचे आहे.